क्रमांक १००० आणि प्रत्यभिज्ञा

पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर आल्यावर 'तीच ही' असे जे ज्ञान होते, त्याला भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि ते खरे की आभासी यावर नैयायिक व बौद्ध यांचा वाद शतकानुशतके चालला. कोलमडलेला संगणक पुन्हा सुरू झाल्यावर हक्काच्या वापरकर्त्यालाच आत घेईनासा होतो, तेव्हा त्या वादाला एक अनपेक्षित उदाहरण मिळते.

लिनक्स प्रणालीत नाव केवळ माणसांच्या सोयीपुरते असते. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ओळखतो तो क्रमांकाला. उबंटू या लिनक्सच्याच एका प्रकारात पहिल्या सामान्य वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो, पुढच्याला १००१, आणि डिस्कवरील फाइलींची मालकीही याच क्रमांकाने नोंदलेली असते. त्यामुळे बिघाडानंतर जुन्या फाइली राखून प्रणाली नव्याने बसवली, पण खाती उघडण्याचा क्रम बदलला, तर नाव तेच, पासवर्डही बरोबर, तरी पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा लॉगिनचीच चौकट समोर येऊ शकते. आणि ज्याच्या वाट्याला योगायोगाने १००० आला, तो परक्याच्या फाइलींचा धनी ठरतो. मालकी बदलणाऱ्या एका आज्ञेने हे निस्तरते, हा भाग वेगळा.

पासवर्डची तपासणीही अशीच कोरडी असते. यंत्र मूळ पासवर्ड साठवत नाही, तर त्यावरून गणिताने काढलेली, उलट फिरवता न येणारी खूण, म्हणजे हॅश, साठवते. टंकलेल्या अक्षरांवरून तशीच खूण काढून दोन्ही ताडून पाहिल्या जातात. बौद्धांचे म्हणणे नेमके हेच होते, की दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही एकच वाटते, तसे साम्यालाच लोक एकत्व समजतात. त्यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप घेतला, की साम्य ठरवायलाही दोन्ही क्षणी हजर असलेला एकच जाणता लागतो. यंत्रात असा जाणता कोणी दिसत नाही, कारण ताडून पाहणारा प्रोग्राम दर वेळी नव्याने सुरू होतो. म्हणून यंत्रापुरता तरी बौद्ध पक्ष पुरेसा वाटतो.

दुरुस्तीच्या वेळी मात्र चित्र पालटते. ० क्रमांकाचा सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणजे रूट, जुना पासवर्ड ठाऊक नसतानाही नवा बसवू शकतो, पण तो कोणाच्या हाती द्यायचा हे यंत्र सांगत नाही. ते ठरवतो त्या माणसाला आधीपासून ओळखणारा प्रशासक, आणि शंकराचार्यांना अभिप्रेत असलेला जाणता इथे यंत्राबाहेरून येतो. त्याचीही चूक होऊ शकते. नैयायिकांना हे मान्यच होते. ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातूनच सिद्ध होत नाही, त्यासाठी दुसरा आधार लागतो, या त्यांच्या मताला परतःप्रामाण्य म्हणतात. आवाज ओळखीचा वाटला तरी फोनवरून नवा पासवर्ड मागणाऱ्याला सावध प्रशासक आधी ओळखपत्र घेऊन समोर यायला सांगतो, तो याच न्यायाने.