कॅमेरे लागले, सभागृह कुठे आहे?

1 जानेवारी 2017च्या पहाटे बंगळुरूच्या कम्मनहळ्ळीत रिक्षातून उतरून घराकडे निघालेल्या एका तरुणीला स्कूटरवरच्या दोघांनी गाठलं. तिने तक्रार केली नव्हती. त्याच रात्री एम. जी. रोड आणि ब्रिगेड रोडवरच्या गर्दीत बायकांशी जे झालं, त्याचा पुरावा नाही असं पोलीस सांगत होते. मग कम्मनहळ्ळीतल्या एका रहिवाशाच्या घरावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण बाहेर आलं, सगळ्या देशाने ते पाहिलं आणि काही दिवसांत संशयितांना अटक झाली. सार्वजनिक कॅमेऱ्यांवर आक्षेप घेणाऱ्याने आधी या चित्रणाला सामोरं गेलं पाहिजे. त्या मुलीची बाजू मांडायला त्या पहाटे दुसरं कोणीही नव्हतं.

म्हणून माझा आक्षेप कॅमेऱ्यावर नाही. तो कुठे लावायचा, त्यातलं कोणी पाहायचं आणि किती दिवस ठेवायचं, हे शहराला न विचारता ठरलं, यावर आहे.

2012च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर निर्भया निधी उभा राहिला आणि त्यातून आठ महानगरांसाठी ‘सेफ सिटी’ प्रकल्प आले. बंगळुरूच्या वाट्याला सुमारे 667 कोटींचा आराखडा आला. केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. त्यातून सात हजारांहून जास्त कॅमेरे लागले, चेहरा ओळखणारी यंत्रणा आली, नियंत्रण कक्ष उभा राहिला. कंत्राट 2021 मध्ये दिलं गेलं. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या 198 नगरसेवकांची मुदत मात्र 10 सप्टेंबर 2020 रोजीच संपली होती. शहरावर एवढी नजर बसत असताना त्या शहराचं स्वतःचं सभागृह रिकामं होतं. वॉर्ड समित्या नोडल अधिकाऱ्यांकडे गेल्या. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये एका पालिकेच्या पाच पालिका झाल्या, पण ते वर्ष संपेपर्यंत निवडणूक झाली नव्हती.

चर्चा झाली नाही असं नाही. अपार्टमेंटच्या संघटना कॅमेरे मागत होत्या, वकील आणि संगणक क्षेत्रातली तरुण मंडळी चेहरा ओळखण्यावर प्रश्न विचारत होती, महिला संघटना रस्त्यावरचे दिवे आणि रात्रीच्या बस मागत होत्या. या सगळ्यांचं ऐकून ठराव करील आणि त्या ठरावाला बांधील राहील अशी जागाच नव्हती. पोलीस राज्याच्या अखत्यारीत येतात, पालिकेचा काय संबंध, असं यावर म्हटलं जातं. पण रस्ता, फुटपाथ आणि दिव्याचा खांब शहराचे आहेत आणि त्यांवरून चालणारे लोकही. नगरसेवकाला पोलिसांना हुकूम देता येणार नाही. कॅमेऱ्यांची यादी मागता येईल, कारण विचारता येईल, उत्तर इतिवृत्तात नोंदवता येईल.

कॅमेऱ्याकडून काय मिळतं, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. 19 नोव्हेंबर 2013 रोजी कॉर्पोरेशन सर्कलजवळच्या एटीएममध्ये एका महिलेवर कोयत्याने हल्ला झाला. कॅमेऱ्याने सगळं टिपलं, तरी हल्लेखोर हाती लागायला 2017 उजाडलं. 1 मार्च 2024च्या रामेश्वरम कॅफे स्फोटात चित्रणामुळे तपासाला मोठी मदत झाली आणि एप्रिलमध्ये संशयित पश्चिम बंगालमध्ये पकडले गेले. दोन्ही वेळा कॅमेरा घटनेनंतरच कामी आला. तो तपासाचं साधन आहे. बायकांच्या नावाने उभारलेल्या निधीतून तो विकत घेताना मात्र सुरक्षिततेचं आश्वासन दिलं गेलं. एप्रिल 2025 मध्ये बीटीएम लेआउटजवळच्या गल्लीत पहाटे एका तरुणीचा विनयभंग झाला, तेव्हाही तो चित्रित झाला. एवढ्या मोठ्या शहरात असं होतंच, अशा अर्थाचं गृहमंत्री जी. परमेश्वर बोलले आणि नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. 2017च्या त्या जानेवारीतही गृहमंत्री तेच होते आणि असंच काहीसं बोलले होते. मधल्या काळात कॅमेरे वाढले, ही भाषा बदलली नाही.

कायद्याचं पाहू. कर्नाटकात 2017 मध्ये सार्वजनिक सुरक्षेचा कायदा झाला. ज्या आस्थापनांत मोठी गर्दी जमते त्यांनी कॅमेरे लावावेत आणि चित्रण 30 दिवस जपून ठेवावं, असं त्यात आहे. म्हणजे बंधन दुकानदारावर, मॉलवर, हॉस्पिटलवर. सरकारच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांना असं काटेकोर बंधन हवं होतं. 2023च्या केंद्राच्या विदा संरक्षण कायद्याने गुन्हे तपासाला आणि सरकारी यंत्रणांना सवलतीच दिल्या. ज्यांच्या नावाने खासगीपणाचा खटला ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि बंगळुरूचेच रहिवासी होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा पोलिसांकडच्या यादीशी ताडून पाहणं या कसोटीवर टिकतं का, हे बंगळुरूत कोणी जाहीरपणे तपासून दाखवलेलं मला दिसलं नाही. गुन्ह्यानंतर चित्रण पाहणं वेगळं आणि गुन्हा नसताना माणूस ओळखत राहणं वेगळं.

सॅन फ्रान्सिस्कोने 2019 मध्ये शहराच्या पोलिसांना चेहरा ओळखण्याचं तंत्र वापरायला बंदी केली आणि पाळतीचं कोणतंही साधन घेण्याआधी निवडून आलेल्या मंडळाची परवानगी सक्तीची केली. मार्च 2024 मध्ये गुन्ह्यांना कंटाळलेल्या मतदारांनी यातले काही नियम सैल केले. मला हे उदाहरण दोन्ही बाजूंनी मोलाचं वाटतं: नियम घट्ट झाले ते सभागृहात आणि सैल झाले ते मतपेटीतून.

मराठी वाचकाने हे परप्रांताचं प्रकरण समजू नये. 26/11नंतर प्रधान समितीच्या शिफारशींतून मुंबईचं कॅमेऱ्यांचं जाळं आलं. मार्च 2022 नंतर मुंबई-पुण्याच्या पालिकाही कित्येक वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. 2025 मध्ये गुजरातमधल्या एका हॉस्पिटलातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण चोरून विकलं गेलं, तेव्हा काही संशयितांना महाराष्ट्रातून अटक झाली. ज्या चित्रणाचा हिशेब कोणी ठेवत नाही, ते बाजारात जाऊ शकतं.

तुमच्या दारात मत मागायला जो उमेदवार येईल, त्याला रस्ते-पाण्याबरोबर एवढं विचारा: आपल्या वॉर्डातले सरकारी कॅमेरे किती, कशासाठी, चित्रण किती दिवस राहतं, ते कोणी पाहिलं याची नोंद होते का आणि ती नोंद तुम्ही सभागृहात मागाल का? उत्तर लेखी घ्या.