गोळीची शांती

अल्प्राझोलामची गोळी घेतल्यावर येणारी शांती खरी मानावी का, हा प्रश्न श्रद्धाळू घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन आवरायला अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. गोळी या दोन्हींत बसत नाही. ती मेंदूतील 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवते आणि धडधड, धास्ती काही तासांपुरती उतरते. पण बदलापूरच्या फलाटावर लोकल येताना दिसली की ज्याला दरदरून घाम फुटतो, त्याला नुसता 'अभ्यास कर' म्हणणे हा कोरडा उपदेश झाला. औषधाने भक्ती बाटत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. वैराग्याच्या गोष्टी करणाऱ्यालाही गोळीची आसक्ती जडू शकते. काही आठवड्यांत शरीर सरावते, तीच मात्रा पुरेनाशी होते, आणि एकदम बंद केली तर बेचैनी, निद्रानाश, क्वचित झटकेही येतात. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची. गुंगी, विसराळूपणा, तोल जाणे हे नेहमीचे दुष्परिणाम. म्हातारपणी रात्री बाथरूमला उठताना पडून खुबा मोडतो, तो कधी कधी असाच. दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो.

कुळगावच्या मेडिकलमध्ये काय किंवा मुंबईत काय, ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. २०१४ पासून ती औषध नियमांच्या 'एच-१' अनुसूचीत आहे; विक्रीची नोंद दुकानदाराला ३ वर्षे ठेवावी लागते. शेजारणीने मायेने दिलेली अर्धी गोळी मात्र कुठल्याच वहीत येत नाही.