परीक्षा थांबवा, सराव द्या

पाहुणे आले की सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना समोर बसवून विचारायचं, "ओळखा बघू, हा कोण?" आजोबा चुकले की हसायचं आणि पाहुणे गेल्यावर "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय मिटवायचा. हे क्रूर आहे. प्रेमापोटी होतं म्हणून त्यातली क्रूरता कमी होत नाही.

वयापरत्वे येणारा विसरभोळेपणा आणि डिमेन्शिया यांच्यामध्ये एक टप्पा असतो. डॉक्टर त्याला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात. मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याचे निकष मांडले: स्मरण वयाच्या मानाने अधिक उणावलेलं, पण रोजचे व्यवहार माणूस स्वतः सांभाळतो. यातल्या प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया होतोच असं नाही. काहीजण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही सुधारतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपाय असतात. म्हणून आधी डॉक्टर गाठावा.

पुढचं काम घरच्यांचं. समजा, आजींना किल्ल्या सापडत नाहीत. दाराजवळ एक खुंटी ठरवा. "किल्ल्या दाराजवळच्या खुंटीला" असं सांगा आणि लगेच विचारा, "किल्ल्या कुठे?" उत्तर आलं की अर्ध्या मिनिटाने पुन्हा विचारा; मग एक, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात भाजी निवडत गप्पा मारा. दर वेळी उत्तर देताना आजींनी उठून किल्ली खुंटीला अडकवावी. अडखळल्या तर "आठवा, आठवा" करत ताणू नका. उत्तर लगेच सांगा, त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि आधी जेवढ्या वेळानंतर जमलं होतं तिथून परत सुरू करा. स्मरण कच्चं झालेल्या माणसाला अंदाजाने उत्तर द्यायला लावलं, तर चुकीचं उत्तरच पक्कं होण्याची भीती असते, कारण आपण चुकलो होतो हेच त्याला आठवत नाही. पाहुण्यांसमोरची परीक्षा नेमकं तेच करते.

या सरावाने ती एक गोष्ट पक्की होते, सगळी स्मरणशक्ती परत येत नाही. तसं आश्वासन देणाऱ्या मोबाइलवरच्या खेळांपासून सावध राहा. अमेरिकेत 'लुमॉसिटी'च्या कंपनीला अशाच निराधार जाहिरातींपायी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. फिनलंडमध्ये डिमेन्शियाचा धोका अधिक असलेल्या १,२६० ज्येष्ठांवर दोन वर्षं प्रयोग झाला. त्यात बुद्धीच्या सरावाला आहार, व्यायाम आणि रक्तदाबावर लक्ष यांची जोड होती, तेव्हा फरक दिसला.

आपण मात्र उलटं करतो. आमटीत मीठ दोनदा पडलं की आजींना स्वयंपाकघरातून उठवतो, एक बिल राहिलं की आजोबांचं पासबुक काढून घेतो. हातातलं काम गेलं की रोजचा सरावही गेला. मीठ घालून झालं की डबा वेगळ्या फळीवर ठेवायची सवय लावा. वाचता न येणाऱ्या आजींनाही ती जमते. बिलाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजोबांच्याच हाताने लिहून घ्या. मोठ्या रकमेच्या व्यवहारात सोबत जरूर बसा, पण सही त्यांची असू द्या. आणि पुढे पैसे कोणी बघायचे, उपचार कुठे घ्यायचे, हे आज ते स्वतः सांगू शकतात. त्यांना आत्ताच विचारा आणि त्यांच्यासमोर लिहून ठेवा.