अळीचा वाटा

शत्रूचा समूळ नाश म्हणजेच विजय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शेतीतील किडींच्या बाबतीत तर ही समजूत तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. परंतु ज्याचा नायनाट करावयाचा, त्याच्यासाठीच आपल्या शेतात थोडी जागा राखणे हे कर्तव्य ठरू शकते काय, आणि ठरत असेल तर ते कोणाचे, हा प्रश्न सेवेच्या अखेरच्या दिवसांत एका कापसाच्या बांधावर आमच्यापुढे उभा राहिला. निवृत्तीनंतरही त्याने आमचा पिच्छा सोडलेला नाही.

२०१५ साली गुलाबी बोंडअळीने गुजरातेत कापसाची दाणादाण उडवली. त्या हंगामात कानमच्या काळ्या मातीत आम्ही पिकांची पाहणी करीत हिंडत होतो. बोंडे बाहेरून हिरवीगार आणि टपोरी दिसत; फोडली की आत सरकीला लागलेली गुलाबी अळी आणि पिवळी पडलेली कवडी रुई. पंचनामा आटोपून एका शेतकऱ्याच्या पडवीत चहा घेत असता वळचणीला खोचलेले, न फोडलेले बियाण्याचे एक छोटे पाकीट दिसले. बीटी बियाण्याच्या पिशवीबरोबर मिळणारे ते बिगर-बीटी बियाणे होते. शेताच्या कडेने लावण्यासाठी दिलेले. का लावले नाही, असे विचारता तो गृहस्थ म्हणाला, "साहेब, पाच ओळी अळीला घातल्या तर पोरांच्या पानात काय घालू?" शेजाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "यांनी लावले असते तर आम्हीही लावले असते."

पंचनाम्यात आम्ही नुकसानीचे कारण 'कीड' एवढेच लिहिले. पाकिटासाठी रकाना नव्हता, हे खरे. पण रकाना असता तर आम्ही तो भरला असता काय?

ही कीड मुळात परकी नव्हे. १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले ते आपल्या भडोचकडून गेलेल्या नमुन्यांवरून. तिचा पतंग जेमतेम बोटाच्या पेराएवढा, करड्या रंगाचा आणि रात्रिंचर. तो स्वतः कापसाचे काही बिघडवीत नाही. मादी फुलांवर व कोवळ्या बोंडांवर शंभर-दीडशे अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडून बोंडात शिरते, आणि मागचे छिद्र बुजून जाते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सुमारे महिन्याभरात नवी पिढी तयार होते. एका जोडीची दीडशे अंडी सर्व जगली, तर दुसऱ्या पिढीत ११,२५० आणि तिसऱ्या पिढीत ८,४३,७५० जीव व्हावेत. प्रत्यक्षात तसे होत नाही. पक्षी, कोळी, परोपजीवी कीटक, ऊन आणि पाऊस मिळून दीडशेतील दोनच उरू देतात, तेव्हा कुठे संख्या स्थिर राहते. दोनाऐवजी सहा उरले तरी पाच पिढ्यांत संख्या २४३ पट होते. म्हणजे पतंगाची वाढ तो किती प्रसवतो यापेक्षा त्याच्यावरचा लगाम किती सैल पडतो, यावर ठरते. तो लगाम कोणी सैल केला?

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला मान्यता मिळाली. या झाडातच अळीला मारणारे विष असते. सुरुवातीला त्याने खरोखरच दिलासा दिला. मात्र कोट्यवधी अळ्यांत एखादी त्या विषाला दाद न देणारी असते. बाकीच्या मेल्या की तिच्यासारख्याच तेवढ्या उरतात आणि आपसांत जोड्या जमवतात. म्हणून नियम असा होता की, क्षेत्राच्या २० टक्के किंवा सभोवती पाच ओळी, यांतील जे अधिक असेल तेवढा भाग साध्या कापसाचा लावावा. त्यावर वाढलेले साधे पतंग दाद न देणाऱ्या मोजक्या पतंगांशी संकर करतील. प्रतिकाराचा गुण सहसा अप्रभावी असल्याने त्यांची संतती बीटी झाडावर मरेल. म्हणजे साध्या अळीला आश्रय देणे, हाच विष टिकवण्याचा उपाय होता. आम्ही सर्वांनी तो आश्रय नाकारला. २००९ च्या हंगामात गुजरातेतील काही जिल्ह्यांत पहिल्या बीटी वाणाला ही अळी जुमानेनाशी झाली. २००६ मध्ये आलेला दोन विषांचा सुधारित वाणही पुढच्या दहा वर्षांच्या आतच निष्प्रभ ठरला. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्याने तेच भोगले. याउलट अमेरिकेतील ॲरिझोनात शेतकऱ्यांनी आश्रयाची शेते राखली, विष टिकले, पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम झाली आणि २०१८ मध्ये तो देश आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर करू शकला.

यावरून आपल्या शेतकऱ्याला स्वार्थी ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शेकडो एकरांच्या धन्याने पाचवा हिस्सा सोडणे आणि पाच एकरांच्या कुणब्याने सोडणे यांत फरक आहे. पहिल्याच्या नफ्यात घट येते, दुसऱ्याच्या ताटात. त्याग सर्वांकडून सारखा मागायचा असेल, तर तो करण्याची ऐपतही सर्वांना दिली पाहिजे. ती कोणी दिली नाही. हाती फक्त पाकीट ठेवले.

तरीही शेजाऱ्याचे ते उत्तर आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. प्रत्येकाचा हिशेब एकटेपणी बिनचूक होता. माझ्या पाच ओळींनी गावाची अळी सुधारणार नाही, आणि त्या नसल्याने बिघडणारही नाही. असे अनेक बिनचूक हिशेब एकत्र आले आणि बेरीज चुकली. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने सांगितलेली कसोटी हीच की, मी करतो ते सर्वांनी केले तर काय होईल, हे स्वतःला विचारावे. आपल्याकडे जेवणापूर्वी काकबळी काढून ठेवीत, त्यामागे कावळ्याविषयीचे प्रेम किती होते कोण जाणे. पण ताटातले सगळे आपले नसते, ही सवय हाताला लागत होती.

आता बिगर-बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली आहे. शेतकऱ्याने काही ठरवण्याचा प्रश्नच उरला नाही. शासकीय नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ही सोय पटते. परंतु कर्तव्य पाकिटातच मिसळून आले की ते कर्तव्य राहते काय, असा प्रश्नही पडतो. पिकाला त्याच्याशी देणेघेणे नाही, पण माणसाला आहे; कारण सगळ्याच गोष्टी पाकिटात मिसळून देता येत नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात शिरले, तेव्हा आमच्याही अंगणात ते कमरेइतके होते. मागच्या ओहोळाच्या काठची चार हात जागा आमच्या कुंपणाने घेतली आहे. बांधताना आम्ही म्हटले होते, "सर्वांनीच घेतली आहे." पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना ते न फोडलेले पाकीट आठवले. त्या शेतकऱ्याला निदान पोरांच्या पानाची चिंता होती. आम्हाला फक्त गुलाबांचा ताटवा हवा होता.

कुंपण अजून तिथेच आहे. ते मागे घ्यावे असे आम्ही घरी दोनदा बोललो. दोन्ही वेळा शेजाऱ्यांचे काय, हाच प्रश्न निघाला.