तेच तीन दिवस, पुन्हा

1998 च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोचा 'झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम' हा व्हिडिओ गेम आला आणि जगभर लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे काय, याचं उत्तर कंपनीतल्या शिगेरू मियामोतो यांच्याकडे तयार होतं : त्याच गेममधली भुयारं थोडी फिरवून, अवघड करून पुन्हा द्यायची. ती भुयारं रचणारे एजी आओनुमा मात्र राजी होईनात. मन लावून केलेलं आपणच उलटंपालटं कशाला करायचं? शेवटी मियामोतोंनी अट घातली. नवा झेल्डा करा, पण वर्षभरात.

वर्षभरात नवं जग कुठून आणणार? मग 'ऑकारिना'तलेच चेहरे उचलून दुसऱ्या गावात दुसऱ्या भूमिकांत उभे केले गेले. (नाटक कंपनीत राजाचा मुकुट पुढच्या प्रयोगात यमाला चढतो, तसं.) सहकारी योशिआकी कोइझुमी यांच्या मनात थोड्या वेळात संपणाऱ्या, पण पुन्हा पुन्हा खेळायच्या गेमची कल्पना घोळत होती, ती इथे लागू पडली. 2000 च्या एप्रिलमध्ये आलेल्या 'माजोराज मास्क'मध्ये अक्राळविक्राळ चेहऱ्याचा चंद्र तीन दिवसांत गावावर कोसळणार असतो. खेळाडूच्या घड्याळात ते तीन दिवस म्हणजे जेमतेम तासभर. नायक सूर वाजवतो आणि पहिल्या दिवसाच्या सकाळी परततो. पोस्टमन ठरल्या वेळी ठरल्या वाटेने धावतो, सराय चालवणारी अंजू हरवलेल्या वाग्दत्त वराची तशीच वाट पाहते. केलेली मदत कुणाला आठवत नाही. खेळणाऱ्याला आठवते.

गेम कंपनीने हमखास चालणारा पुढचा भाग काढावा की काही निराळं करावं, हा वाद गल्ल्याचा वाटतो. त्याची मुळं मात्र जुनी आहेत. डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द यांनी 1843 मध्ये टोपणनावाने 'पुनरावृत्ती' हे छोटं पुस्तक काढलं. त्यातला गृहस्थ पूर्वी आवडलेली बर्लिनची सफर जशीच्या तशी पुन्हा अनुभवायला निघतो. मधल्या काळात घरमालकाचं लग्न झालेलं, त्यामुळे पूर्वीची ऐसपैस जागा नाही. नाटकगृहात नेहमीची बैठक नाही. नाटक तेच, पण हसू येत नाही. किर्केगार्द यांच्या लेखी स्मरण मागे तोंड करून चालतं, खरी पुनरावृत्ती पुढे.

बहुतेक सीक्वेल असे बर्लिनला निघालेले असतात. युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड' वर्षानुवर्षं, न चुकता काढला. 2014 चा 'युनिटी' इतका सदोष निघाला की कंपनीला माफी मागावी लागली. 2016 साली मालिकेतला मुख्य गेम आलाच नाही. पण तेच ते करणं हाच दोष म्हणावा, तर जन्मभर यमन गाणाऱ्यालाही बोल लावावा लागेल. तिथे राग तोच असतो आणि गाणारा रोज नव्याने शोधत असतो.

'निराळं करा' हा सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, हेही खरं. कॅपकॉमच्या क्लोव्हर स्टुडिओने 2006 मध्ये 'ओकामी' केला : अमातेरासू ही सूर्यदेवता पांढऱ्या लांडग्याच्या रूपात, आणि अख्खं जग शाईच्या कुंचल्याने चितारलेलं. कौतुक झालं, खप झाला नाही. 2007 मध्ये स्टुडिओ बंद झाला. धाडस एकाच्या डोक्यातून निघतं, चटका मात्र अनेकांच्या पगाराला बसतो. तेव्हा सुरक्षित वाट धरणाऱ्याला भित्रा म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे.

पारख 'पुढचा भाग' की 'नवा' अशी करून चालत नाही. करणाऱ्याला त्या जगात अजून काही शोधायचं उरलंय का, एवढंच पाहायचं. आओनुमांचा नकार सीक्वेलला नव्हताच. आपल्यापाशी नवं काही नसताना तेच पुन्हा मांडायला होता. 'ओकामी'चे दिग्दर्शक हिदेकी कामिया यांच्याकडे बहुधा काही उरलेलं असावं. 2024 च्या डिसेंबरात त्यांच्या नव्या स्टुडिओकडून एका गेमची घोषणा झाली. तो 'ओकामी'चा पुढचा भाग आहे.