विकत घेतलेला दिवस

मनुष्य मनुष्यापासून काय विकत घेऊं शकतो, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत जितका सरळ दिसतो तितका तो व्यवहारांत सरळ नाहीं. धान्य, वस्त्र, जमीन यांची खरेदी एकदां पुरी झाली कीं विकणारा आपल्या वाटेनें जातो व घेणारा आपल्या. श्रमाची गोष्ट निराळी. आल्फ्रेड मार्शल यानें १८९० सालच्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत हा भेद चांगला उलगडून दाखविला आहे. श्रम विकणाऱ्यास आपला माल दारांत ठेवून घरीं जातां येत नाहीं. मालाबरोबर त्यास स्वतः तेथें उभें राहावें लागतें. पण ज्या श्रमांत माणसाचें केवळ शरीरच नव्हे, तर त्याचें बोलणें, त्याचें हसणें, त्याच्या गांवाच्या आठवणी आणि त्याच्या वाडवडिलांचें दुःख हींहि मालांत धरलीं जातात, असा एक श्रम आहे. व त्याच्याविषयींच येथें थोडें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा श्रम वाटाड्याचा.

सोलापूरसारख्या गांवांतील मध्यम स्थितीचें कुटुंब पूर्वीं घराबाहेर पडे तें पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर या क्षेत्रांसाठीं, आणि फार झालें तर काशी-रामेश्वरासाठीं. पुढें महाबळेश्वर आलें, मग काश्मीर आलें. आणि आतां मुलगा चांगला मिळवता झाला म्हणजे आईबापांना समुद्रापलीकडचें एखादें बेट दाखवून आणणें हें त्यास आपलें कर्तव्य वाटूं लागलें आहे. यांत निंदण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. समुद्रगमनाच्या प्रायश्चित्तावरून ज्या समाजांत एके काळीं रणें माजलीं, त्याच समाजांतील आजीबाई आज निळ्या पाण्यावर होडींत बसून लाडू खातात, हें पाहून समाधानच होतें. अशाच आग्रहावरून आम्हीहि सहकुटुंब मॉरिशसला जाऊन आलों.

या प्रवासांत 'खासगी सहल' म्हणून एक प्रकार असतो. एक गाडी, एक वाटाड्या (बहुधा तोच गाडी हांकतो), आणि सबंध दिवस. दुसरें कोणीहि नाहीं. पन्नास माणसांच्या घोळक्यांत, झेंडी घेऊन पुढें चालणाऱ्या माणसाचें व आपलें नातें पातळ झालेलें असतें. खासगी सहलींत तें तसें राहत नाहीं. दहा तास एक परका मनुष्य आपल्या कुटुंबांत, आपल्या बोलण्याच्या टप्प्यांत, आपल्या मर्जीच्या अधीन असतो. ही मर्जी आतां तोंडीहि सांगावी लागत नाहीं. रात्रीं मुक्कामावर परत आल्यावर भ्रमणध्वनीवर एकपासून पांचपर्यंत तारका द्यावयाच्या असतात, आणि त्या तारकांवर त्याच्या उद्यांच्या भाकरीचा कांहीं भाग अवलंबून असतो. परीक्षकाचें काम जन्मभर केलेल्या आम्हांसहि ही परीक्षा जरा चमत्कारिक वाटली. कारण येथें परीक्षार्थ्यास प्रश्नपत्रिका आधीं दिसत नाहीं.

मॉरिशसचें मुख्य बेट सुमारें ६५ किलोमीटर लांब व ४५ किलोमीटर रुंद. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्याचा जेमतेम आठवा हिस्सा. सकाळीं निघालेली गाडी त्याचा बराचसा घेरा घालून सायंकाळीं परत येते. बेटाचा हा लहानपणाच मोह उत्पन्न करतो. विजापूर पाहिलें असें म्हणणारा मनुष्य मनांतून जाणतो कीं तेथील कित्येक गल्ल्या पाहावयाच्या राहिल्या. बेटास मात्र चोहोंकडे कांठ असल्यामुळें, एक वळसा घातला कीं तें सगळें आपल्या मुठींत आलें असें वाटूं लागतें. वळसा घालण्याची आपली जुनी रीत म्हणजे प्रदक्षिणा. सोलापुरांत संक्रांतीच्या यात्रेंत नंदीध्वज पेलणारे भक्त सिद्धरामेश्वरांनीं गांवाभोंवतीं स्थापिलेल्या ६८ लिंगांना भेट देतात. तलावाच्या पाण्यांतलें सिद्धेश्वराचें देऊळ हेंहि एका अर्थीं बेटच. प्रदक्षिणेंत जें मध्यें असतें तें फिरणाऱ्याहून मोठें असतें. सहलींत मध्यें आपण बसलेले असतों, आणि बेट आपल्याभोंवतीं फिरविलें जातें.

क्षेत्राच्या ठिकाणींहि वाटाड्या होताच. नाशिकला, त्र्यंबकास, गयेस उतरलें कीं क्षेत्रोपाध्याय पुढें येई व पहिला प्रश्न करी : कुठले आपण? आडनांव काय? मग तो नामावळीची वही काढी आणि आपले पणजोबा कोणत्या सालीं, कोणाचें श्राद्ध करावयास आले होते, हें वाचून दाखवी. या मंडळींच्या लोभाच्या कथा आम्हांस ठाऊक नाहींत असें नाहीं. दक्षिणेच्या घासाघिशींत देवदर्शनाचा आनंद आटल्याचीं उदाहरणें घरोघर सांगितलीं जातात. परंतु त्या व्यवहारांत एक गोष्ट होती. उपाध्याय यजमानाला दाखवी, तसा तो यजमानाला पाहीहि. प्रश्न करण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना होता, किंबहुना आधीं तो पैसे घेणाऱ्याला होता.

आमचा वाटाड्या आमच्याच वयाचा, म्हणजे पन्नाशी उलटलेला गृहस्थ होता. इंग्रजी, फ्रेंच, तेथील क्रिओल आणि थोडी हिंदी एवढ्या भाषा तो सहज बोले. क्युर्पिपचें ज्वालामुखीचें विवर दाखवून त्यानें आम्हांस गंगा तलावावर नेलें. हाहि विवरांतलाच तलाव. १९७२ सालीं त्यांत गंगेचें पाणी मिसळलें गेलें, आणि महाशिवरात्रीस बेटावरील लक्षावधि लोक पायीं चालत तेथें येतात. रस्त्यावर शंकराची ३३ मीटर उंचीची मूर्ति उभी आहे. येथवर सर्व कांहीं पाठ केल्याप्रमाणें चाललें होतें. आमच्या मंडळींनीं आपसांत मराठींत कांहीं म्हटलें तें ऐकून तो थबकला, आणि त्यानें त्या दिवसांतला आपला पहिला प्रश्न विचारला : "तुम्ही कोणत्या गांवचे?"

तो मराठी वंशाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बंदरांतून, विशेषतः रत्नागिरीकडील, बरीच मराठी माणसें या बेटावर आलीं. पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर भागांत त्यांची वस्ती आहे. गणेशचतुर्थीस देशभर सुटी असते. पुष्कळांच्या घरांत आतां क्रिओल बोलली जाते, पण आरती मराठींतच होते. आमच्या वाटाड्यास आरत्या येत होत्या; "जेवलांत कां?" एवढें वाक्य येत होतें, बाकीच्यासाठीं तो इंग्रजीकडे वळे. त्याचें आडनांव म्हणजे त्याच्या खापरपणजोबाचें पाळण्यांतलें नांव. आगबोटीवरून उतरलेल्या माणसाला कारकुनानें नांव विचारलें, त्यानें तें सांगितलें, आणि तेंच पुढें कुळाचें नांव झालें. अशीं आडनांवें तेथें घरोघर आहेत.

दुपारीं ल मॉर्नचा पहाड आला. समुद्रांत घुसलेल्या या कड्यावर मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहत. २००८ सालीं युनेस्कोनें या स्थळास जागतिक वारशाच्या यादींत घातलें. तेथें एक कथा सांगतात. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं बेटावरील गुलामगिरी रद्द झाली, तेव्हां ती वार्ता देण्यासाठीं शिपाई वर चढूं लागले. ते आपल्याला धरावयास येत आहेत असें समजून वरच्या लोकांनीं कड्यावरून उड्या घेतल्या. ही लोककथा आहे, इतिहास नव्हे, हें वाटाड्यानेंहि सांगितलें. मग त्यानें ती सांगितली, आणि चांगली सांगितली. शेवटीं तो क्षणभर थांबला. ते थांबणेंहि सरावाचें होतें, हें व्याख्यानें देणाऱ्या मनुष्यास ओळखतां येतें.

येथें कोणी म्हणेल, दुःखाचा हा विक्रय नव्हे काय? आठवड्यांतून चार वेळां, ठरल्या मोबदल्यांत, परक्या माणसांपुढें मेलेल्यांना कड्यावरून पाडावयाचें, हें निंद्य नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तसें असेल तर दरमहा वेतन घेऊन वर्गांत १८५७ चें वर्णन करणारे आम्ही आधीं दोषी ठरूं, आणि बिदागी घेऊन हरिश्चंद्राच्या आख्यानांत श्रोत्यांना रडविणारे हरिदासहि दोषी ठरतील. बोलण्याचें मोल घेतल्यानें बोलणें खोटें होत नाहीं. कांटनें सांगितलेल्या नियमाचा आधार घेतला तरी तेंच निघतें. माणसास साधन करूं नये असें तो म्हणत नाहीं, केवळ साधन करूं नये असें म्हणतो. तेव्हां दोष असलाच तर तो विक्रींत नाहीं. मोल दिलें कीं आपल्याकडून येणें-देणें संपलें, आणि विकणाऱ्यानें आतां केवळ दाखवावें, विचारूं नये, या घेणाऱ्याच्या समजुतींत तो आहे.

आणि ही समजूत त्या बेटावर नवी नाहीं. तें बेटच विकत घेतलेल्या दिवसांनीं घडलेलें आहे. १८३४ च्या नोव्हेंबरांत 'अ‍ॅटलास' जहाजानें छोटानागपूरकडील ३६ मजूर पोर्ट लुईस उतरले. करार पांच वर्षांचा, वेतन दरमहा पांच रुपये. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख माणसें हिंदुस्थानांतून या रीतीनें तेथें गेलीं. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचें आपल्या लोकांनीं 'गिरमिट' केलें तें याच पद्धतीमुळें. पोर्ट लुईंतील आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या आजहि आहेत. मजूर एक दिवस कामावर आला नाहीं तर दोन दिवसांचें वेतन कापलें जाई. प्रत्येकाची नोंद मोठ्या वह्यांतून होई. पुढें पुढें छायाचित्रहि घेतलें जाई, आणि तें लावलेला परवाना त्यानें जवळ बाळगावयाचा असे. पळाला तर सांपडावा म्हणून ही वही होती. आज त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपल्या आहेत, आणि पणतू-खापरपणतू तेथें जाऊन आपल्या पूर्वजाचें गांव शोधतात. धरून ठेवण्यासाठीं लिहिलेल्या वह्यांची अशी नामावळी झाली. आमच्या वाटाड्यानें आपलें पान शोधून काढलें होतें. त्यांत त्याला एक क्रमांक, उंची आणि एका खेड्याचें नांव मिळालें. त्या नांवाचीं कोंकणांत तीन गांवें निघालीं, म्हणून तो अजून कोठेंच गेलेला नाहीं.

ल मॉर्नवरून उत्तरेस येतांना दोहोंकडे ऊस लागतो. उसामध्यें मधून मधून काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. कांहीं तर देवळाच्या शिखरासारखे रचलेले. आमच्या कार्यक्रमांत येथें थांबा नव्हता. वाटाड्यानें आपण होऊन गाडी थांबविली व सांगितलें कीं, ही जमीन ज्वालामुखीची. लागवडीसाठीं हे दगड मजुरांनीं हातांनीं वेंचून रचले. दगड आपल्याकडचाच, दख्खनच्या काळ्या दगडासारखा. आम्ही ऊस पाहत होतों, तोंच त्यानें दुसरा प्रश्न केला : "तुमच्या गांवाकडे ऊस कोण तोडतें?"

प्रश्न साधा होता, आणि सोलापूरच्या माणसास त्याचें उत्तर पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. साखर कारखान्यांच्या संख्येंत आमचा जिल्हा राज्यांत अग्रेसर मानला जातो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि इतर कोरडवाहू तालुक्यांतून टोळ्या येतात. कारखान्याजवळच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. पहांटे थंडींत बायका शेकोटीवर पाणी तापवितात. मुकादमानें आधीं 'उचल' दिलेली असते, आणि ती फिटेपर्यंत हंगाम सोडून जातां येत नाहीं. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. माणसांची ही गणती हत्याराच्या नांवानें होते. त्यांतलें एक आजारी पडून दिवस बुडाला तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे मजुरीपेक्षां जास्त कापले जातात. आम्ही हें सगळें सांगितलें. त्यानें करारावर सही असते काय असें विचारलें. बहुधा नसते, असें आम्हीं सांगितलें. खाड्याचा अर्थ मात्र त्यास पुन्हां सांगावा लागला नाहीं. एका दिवसाला दोन दिवस, हें तो शाळेपासून शिकला होता.

त्या माळावर खासगी सहल जात नाहीं. आम्हांस तशी ती जावी असेंहि वाटत नाहीं. माणसाचें दैन्य प्रेक्षणीय करण्यांत कांहीं अर्थ नाहीं. पण एक फरक मनांत राहतो. आमच्या वाटाड्यानें आपला दिवस विकला होता, आणि तो विकूनहि गाडी थांबविण्याचें, न ठरलेलें दाखविण्याचें व आम्हांला न आवडेल असें विचारण्याचें स्वातंत्र्य त्यानें आपल्यापाशीं ठेवलें होतें. त्यासाठीं तारका कमी मिळण्याची जोखीम त्यानें पत्करली. त्याच्या खापरपणजोबापाशीं हें स्वातंत्र्य नव्हतें. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्यापाशींहि तें नसतें. काट्यावर गाडी उभी असतांना वजन बरोबर आहे काय असें विचारणाऱ्यास पुढच्या हंगामाची धास्ती असते, आणि मुकादमाच्या वहींत खाडा मांडतात तो कां पडला हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. दोन व्यवहारांत पैशाचें मान किती, यापेक्षां हा फरक आम्हांस मोठा वाटतो. कारण मजुरी दीडपट झाली तरी तो आपोआप मिटणार नाहीं.

ढिगांपाशीं आमचा पाऊण तास गेला, आणि त्या वेळाचा हिशेब त्यानें धरला नाहीं. कार्यक्रमांत यापुढें समुद्रावरचा सूर्यास्त होता. तो त्यानें वेळेवर दाखविला.