माप आणि निवाडा

लग्नाला चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरातील सर्वांची नजर प्रथम सुनेकडे वळते. तपासण्या तिच्या होतात, नवस तिच्यासाठी बोलले जातात. ‘मुलानेही एकदा तपासून घ्यावे’ असे आम्ही सुचविताच घरात शांतता पसरते. या शांततेत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : सत्य जाणून घेण्याचे टाळणे हा केवळ संकोच, की अन्याय?

वीर्यतपासणीत शुक्रजंतूंची संख्या व हालचाल यांबरोबर त्यांचा आकारही पाहतात. काचपट्टीवरील नमुन्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली किमान २०० शुक्रजंतू एकेक करून न्याहाळतात. डोके अंडाकृती, मान व शेपूट निर्दोष असेल तोच प्राकृत. डोक्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकी! इतक्या सूक्ष्म गोष्टीत दोन तपासनिसांचे मत जुळणे कठीण. म्हणून काटेकोर निकष ठरले, पुढे संगणकाचेही साहाय्य घेण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत प्राकृत आकाराची मर्यादा १९८७ साली ५० टक्के होती, १९९२ साली ३० टक्के आणि २०१० साली ४ टक्के. पुरुषांचे पौरुष घटले म्हणून नव्हे, तर मुख्यतः कसोटी कडक होत गेली म्हणून. ही ४ टक्क्यांची रेषा, ज्यांच्या पत्नींना बारा महिन्यांच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांवरूनच आखली गेली. आणि त्या पित्यांपैकीही शंभरातील पाच जण या रेषेखाली होते!

यातून आम्हांला दोन गोष्टी उमगतात. पहिली, वस्तुनिष्ठ माप हे न्यायाचे साधन आहे. निष्कारण दोष सोसणाऱ्या पत्नीची त्याने सुटका होऊ शकते. जो पती तपासणी नाकारतो, तो आपली प्रतिष्ठा पत्नीच्या अश्रूंवर राखतो. नमुना कसा द्यावा याविषयी मनात धर्मशंका असेल, तर ती आपल्या धर्मगुरूंपाशी मोकळेपणाने बोलावी. वैवाहिक संबंधाचा मान राखणारा मार्ग आहे.

दुसरी, माप म्हणजे निवाडा नव्हे. कागदावरील आकडा पेशींविषयी बोलतो, माणसाविषयी नाही. ‘२ टक्के’ वाचून मान खाली घालणाऱ्या पतीचा अपमान प्रयोगशाळेने केलेला नसतो. तो आपल्याच कुजबुजीने केलेला असतो. अपत्य ही देवाची देणगी आहे, कोणाचा हक्क नव्हे, असे ख्रिस्तसभेने १९८७ च्या ‘दोनुम विते’ या शिकवणपत्रात सांगितले आहे. जी देणगी आहे, ती न मिळणे हा गुन्हा कसा ठरेल?

पवित्र शास्त्रातील एलकानाने हन्नेची कूस रिकामी असतानाही तिच्यावरील प्रीती उणी होऊ दिली नाही. आज अहवाल पतीच्या विरुद्ध गेला, तर तीच प्रीती त्याच्याही वाट्याला यावी. पत्नीकडून, आईकडून आणि आम्हां सर्व धर्मग्रामस्थांकडून.